नुकसान कोणाच्या अंगावर? कर्जाचा कायदा आणि विसाव्या शतकाचे राजकारण

हिशेबनीस (धागालेखक)

विसाव्या शतकाच्या राजकीय इतिहासाविषयी बोलताना आर्थिक कारण आणि राजकीय परिणाम यांची थेट जोडी लावायची सवय आपल्याला झाली आहे. महागाई झाली, लोक चिडले, हुकूमशहा आला. मंदी आली, सरकार पडले. या मांडणीत मधली एक पायरी गळते आणि माझ्या मते खरा निवाडा त्याच पायरीवर होतो. पैशाचे मोल कोसळले की कोणाचे तरी नुकसान होणार, हे उघड असते. परंतु ते धनकोने सोसायचे की ऋणकोने, ठेवीदाराने की सरकारने, हे बाजार ठरवत नाही. ते कायदा ठरवतो. कधी संसदेतून, कधी न्यायालयातून, कधी वटहुकुमातून. संकट ओसरल्यानंतर लोकांच्या मनात जो सल उरतो, तो महागाईचा कमी आणि त्या वाटपाचा जास्त असतो.

जर्मनीची कहाणी सर्वांना ठाऊक असली, तरी ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडत होते; पहिल्या महायुद्धापूर्वी तोच डॉलर ४ मार्क २० फेनिगांना मिळत असे. नोटांनी भरलेल्या टोपल्यांची छायाचित्रे आपण पाहिलेली असतात. मला मात्र त्याच काळात जमिनींच्या नोंदणी कार्यालयांत काय चालले होते, ते अधिक महत्त्वाचे वाटते. समजा, एखाद्या विधवेने पतीच्या पश्चात हाती आलेले १०,००० मार्क १९१३ साली एका घराच्या गहाणावर कर्जाऊ दिले आणि त्याच्या व्याजावर ती गुजराण करत होती. देताना ही रक्कम सुमारे २,४०० डॉलरांएवढी होती. सप्टेंबर १९२३ मध्ये घरमालक १०,००० मार्कांच्या कागदी नोटा घेऊन येतो, कर्ज फिटल्याची पावती मागतो आणि घरावरचा बोजा उतरवून घेतो. त्या नोटांत पावाचा तुकडाही येत नव्हता. कायद्याच्या दृष्टीने मात्र कर्ज पुरते फिटले होते, कारण ‘मार्क म्हणजे मार्क’ हे तत्त्व अबाधित होते. नोटेच्या बदल्यात सोने देण्याचे बंधन ऑगस्ट १९१४ मध्येच उठवले गेले होते आणि कागदी मार्क स्वीकारण्यास नकार देण्याची सोय धनकोला उरली नव्हती.

या तत्त्वाला पहिला तडा संसदेने दिला नाही, न्यायाधीशांनी दिला. २८ नोव्हेंबर १९२३ रोजी, म्हणजे नवे रेन्टेनमार्क चलन सुरू झाल्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयाने एका गहाण कर्जाच्या दाव्यात निकाल दिला, की ऋणकोने आपले दायित्व सचोटीने आणि परस्परविश्वासाला धरून पार पाडले पाहिजे, असे नागरी संहितेचे कलम २४२ सांगते आणि चलनविषयक कायद्यांना या कलमापुढे माघार घ्यावी लागेल. ज्या न्यायाधीशवर्गाची सारी घडण कायद्याच्या अक्षराला चिकटून राहण्याची होती, त्याने हे म्हणावे, ही लहान गोष्ट नव्हती. सरकार पुनर्मूल्यनावर, म्हणजे जुन्या कर्जांचे मोल सोन्याच्या हिशेबाने पुन्हा ठरवण्यावर, बंदी घालणारा कायदा आणणार, अशी चिन्हे दिसताच जानेवारी १९२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या संघटनेने सरकारला जाहीरपणे बजावले, की असा कायदा न्यायालयात टिकेलच असे नाही.

सरकारने मग मधला मार्ग काढला. १४ फेब्रुवारी १९२४ च्या वटहुकुमाने गहाण कर्जांचे मूळ सुवर्णमूल्याच्या १५ टक्क्यांपर्यंत पुनर्मूल्यन केले. १६ जुलै १९२५ च्या कायद्याने ते प्रमाण २५ टक्क्यांवर नेले. म्हणजे त्या विधवेच्या पदरी चतकोर रक्कम पडणार होती, आणि तीही लगेच नाही, कारण मुद्दल १ जानेवारी १९३२ पूर्वी मागता येणार नव्हते. १५ जून १९२२ पूर्वी ज्यांनी मुकाट्याने कागदी पैसे घेतले होते, ते बहुतेक या सवलतीच्या बाहेरच राहिले. खुद्द सरकारने युद्धकाळात देशभक्तीची आवाहने करून विकलेल्या कर्जरोख्यांना मात्र मूळ किमतीच्या अडीच टक्के एवढाच आधार दिला गेला. देशातील सर्वांत मोठा ऋणको सरकार स्वतः होते आणि आपल्या कर्जमाफीचा कायदा त्याने स्वतःच लिहिला.

पुढचा टप्पा तर विचार करायला लावणारा आहे. पदच्युत राजघराण्यांनी आपल्या मालमत्तांसाठी न्यायालयात दावे लावले आणि अनेक ठिकाणी त्यांना अनुकूल निकाल मिळाले. ही मालमत्ता भरपाईशिवाय ताब्यात घ्यावी, या प्रस्तावावर २० जून १९२६ रोजी सार्वमत झाले. बाजूने सुमारे १ कोटी ४५ लाख मते पडली. परंतु हा प्रस्ताव घटना बदलणारा ठरवला गेल्यामुळे एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे २ कोटी मते लागणार होती. प्रस्ताव पडला. बचत बुडालेल्या सामान्य माणसाला त्या दिवशी काय दिसले असेल? एकाच राज्यघटनेखाली राजघराण्याची मालमत्ता पूर्ण सुरक्षित आणि आपली चतकोर. वायमार प्रजासत्ताकाविषयीची, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन लोकशाहीविषयीची, मध्यमवर्गाची आस्था अशा हिशेबांत झिजली, असे माझे मत आहे. इतर देशांतील अशी उदाहरणे सदस्यांनी जरूर मांडावीत.

न्यायवाचक

धागा आवडला. अमेरिकेतील सुवर्ण-कलमांचे दावे येथे आलेच पाहिजेत, कारण प्रश्न तोच होता आणि उत्तर अगदी वेगळे मिळाले.

अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांच्या, नगरपालिकांच्या आणि संघ सरकारच्याही रोख्यांवर एक ठरावीक वाक्य छापलेले असे : परतफेड रोखा काढतेवेळच्या वजनाच्या आणि कसाच्या सोन्याच्या नाण्यांत केली जाईल. चलन घसरले तर धनकोचे संरक्षण व्हावे, हाच त्या कलमाचा हेतू होता. ५ जून १९३३ रोजी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ठराव करून अशी सर्व कलमे, जुन्या करारांतलीसुद्धा, निष्प्रभ केली आणि जानेवारी १९३४ मध्ये सोन्याचा भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर ठरवण्यात आला.

एका रेल्वे रोख्याच्या धारकाकडे २२.५० डॉलरचे व्याजाचे कूपन होते. सोन्याच्या जुन्या वजनाने हिशेब केला तर आपल्याला ३८.१० डॉलर मिळायला हवेत, असा त्याचा दावा होता. रक्कम किरकोळ, तफावत १५ डॉलर ६० सेंट. परंतु तो दावा मान्य झाला असता तर सुवर्ण-कलम असलेले देशातील प्रत्येक कर्ज एका निकालासरशी ६९ टक्क्यांनी वाढले असते आणि अनेक रेल्वे कंपन्या व नगरपालिका दिवाळखोरीच्या दारात उभ्या राहिल्या असत्या. १८ फेब्रुवारी १९३५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी काँग्रेसचा ठराव उचलून धरला. निकाल विरुद्ध गेला असता तर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट तो मानणार नव्हते. तसे सांगणारे रेडिओवरील भाषण त्यांनी तयार ठेवले होते.

सरकारच्या स्वतःच्या रोख्यांविषयीचा निकाल मला अधिक मोलाचा वाटतो. १०,००० डॉलरच्या युद्धकर्ज रोख्याच्या धारकाने १६,९३१ डॉलर २५ सेंट मागितले होते. सरन्यायाधीश ह्यूज यांनी लिहिले, की सरकारने दिलेला शब्द मोडण्याचा अधिकार काँग्रेसला नाही; परंतु दरम्यान भाव इतके उतरले आहेत, की वादीचे प्रत्यक्षात काही नुकसान झालेले दिसत नाही, म्हणून त्याला भरपाईही नाही. हक्क मान्य झाला आणि उपाय नाकारला गेला. या तर्कावर तेव्हाही कडाडून टीका झाली आणि कायद्याच्या दृष्टीने ती मला पटते. राजकीय दृष्टीने मात्र त्यात एक शहाणपण होते. १९३५ मधल्या कागदी डॉलरांत रोखेधारकाला १९२९ पेक्षा खरोखरच अधिक वस्तू मिळत होत्या. जर्मन विधवेच्या हाती शून्य आले होते, अमेरिकन रोखेधारकाच्या हाती खरेदीशक्ती शाबूत होती. म्हणूनच सुवर्ण-कलमे रद्द होऊनही तेथे बुडालेल्या धनकोंचा पक्ष उभा राहिला नाही.

मतभेद

हिशेबनीस, मांडणी नीटस आहे, पण तिच्या कालक्रमात मला मोठी अडचण दिसते. पुनर्मूल्यनाचा कायदा १९२५ चा. त्यानंतर मे १९२८ मध्ये झालेल्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मते आणि १२ जागा मिळाल्या. बुडालेल्या बचतीचा राग इतका निर्णायक होता, तर तो तेव्हा कोठे होता? सप्टेंबर १९३० मध्ये त्या पक्षाच्या १०७ जागा झाल्या, त्या भाववाढीत नव्हे तर भाव कोसळत असताना. आपण ज्या संकटाविषयी लिहिले त्याच्या नेमके उलटे संकट तेव्हा चालू होते.

शेतकऱ्याची बाजू पाहा. महाचलनवाढीत त्याचे जुने कर्ज वाहून गेले, म्हणजे तो लाभार्थी होता. १९२४ नंतर त्याने चढ्या व्याजाने नवे कर्ज काढले आणि मग धान्याचे व जनावरांचे भाव पडत गेले. कर्जाचा आकडा तोच, पण तो फेडायला आता कितीतरी अधिक धान्य विकावे लागे. श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये १९२८ पासूनच शेतकऱ्यांची आंदोलने पेटली होती आणि जुलै १९३२ मध्ये त्या प्रांतात नाझींना ५१ टक्के मते मिळाली. ही ऋणकोंची मते होती, धनकोंची नव्हेत.

शिवाय १९३० पासूनचे चान्सलर ब्र्यूनिंग यांनी राज्यघटनेच्या कलम ४८ खाली, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या आणीबाणीच्या अधिकारात, काढलेले वटहुकूम लक्षात घ्यावे लागतील. ८ डिसेंबर १९३१ च्या एकाच वटहुकुमाने वेतने जानेवारी १९२७ च्या पातळीवर आणली आणि भाडी, व्याजदर व किमतीही कमी करण्याचा आदेश दिला. सामूहिक वेतनकरार, भाडेकरार, कर्जकरार या सर्वांत सरकारने एका सहीने हात घातला. १९३२ मध्ये संसदेने केवळ पाच कायदे केले. बाकीचा कारभार वटहुकुमांवर चालला होता. माझ्या मते आर्थिक संकटाने लोकशाहीवर केलेला खरा आघात येथे आहे.

हिशेबनीस

मतभेद, आपला आक्षेप योग्य आहे आणि माझ्या लेखातील ‘मध्यमवर्गाची आस्था झिजली’ हे वाक्य सैल होते. १९२३ पासून १९३३ पर्यंत सरळ रेषा ओढता येत नाही. तरीही दोन धागे मला तुटलेले दिसत नाहीत.

पहिला १९२८ च्या निकालातला. पुनर्मूल्यनाच्या मागणीवर उभा राहिलेला एक स्वतंत्र पक्ष तेव्हा दोन जागा घेऊन संसदेत आला. जागा नगण्य आहेत. परंतु त्याच्यासारख्या लहान, एकेका हितसंबंधाच्या पक्षांनी मिळून त्या निवडणुकीत मोठा वाटा नेला आणि तो प्रामुख्याने मध्यममार्गी व रूढिवादी पक्षांच्या मतांतून गेला. जर्मन राष्ट्रीय जनपक्ष या रूढिवादी पक्षाने १९२४ मध्ये धनकोंना पूर्ण पुनर्मूल्यनाचे आश्वासन दिले होते. सत्तेत गेल्यावर त्याच पक्षाने १९२५ च्या २५ टक्क्यांच्या कायद्याच्या बाजूने मत दिले. तो मतदार १९२८ पर्यंत आपल्या जुन्या पक्षापासून सुटला होता, पण अजून कोणाचा झाला नव्हता.

दुसरा धागा आपणच हाती दिला आहे. ब्र्यूनिंग यांनी चलनाचे अवमूल्यन का केले नाही? ब्रिटनने २१ सप्टेंबर १९३१ रोजी सुवर्ण परिमाण, म्हणजे चलनाचे मोल सोन्याशी बांधण्याची पद्धत, सोडले, त्यासाठीचा कायदा एका दिवसात संमत करून घेतला. जर्मनीला ते इतके सोपे नव्हते. १९२४ च्या बँक कायद्याने सरकारला मध्यवर्ती बँकेकडून मिळू शकणाऱ्या कर्जावर कडक मर्यादा घातली होती, मार्कचे सुवर्णमूल्य पहिल्या महायुद्धाच्या युद्धभरपाईच्या करारांशी बांधलेले होते आणि परदेशी कर्जे परकी चलनांत फेडायची होती. म्हणजे १९२३ च्या अनुभवातून जे कायदे जन्मले, त्यांनीच १९३१ मध्ये सरकारचे हात बांधले. आणि त्या विधवेचे चतकोर मुद्दल १ जानेवारी १९३२ रोजी देय होणार होते, हे लक्षात घ्या. सुमारे ६० लाख लोक बेकार असताना, घरभाडी वटहुकुमाने उतरवलेली असताना, घरमालकाने ते कोठून द्यायचे? एका संकटाचा निवाडा दुसऱ्या संकटावर ढकलला गेला होता.

एक गोष्ट मूळ लेखात राहिली, ती येथे नोंदवतो. फेब्रुवारी १९२४ चा तो १५ टक्क्यांचा वटहुकूम संसदेने ८ डिसेंबर १९२३ रोजी सरकारला दिलेल्या विशेषाधिकार कायद्याच्या आधारे निघाला होता. तो कायदा मुदतीचा होता आणि ती पाळली गेली. परंतु संसदेने आपला कायदे करण्याचा अधिकार सरकारच्या हाती देण्याचा हा नमुना, आर्थिक निकडीच्या नावाखाली, लोकशाहीवादी पक्षांनीच घालून दिला. २३ मार्च १९३३ रोजी ४४४ विरुद्ध ९४ मतांनी हिटलरच्या सरकारला सारे अधिकार देणारा जो विशेषाधिकार कायदा संमत झाला, त्याची भाषा संसदेला अपरिचित नव्हती.

वेतनपत्रक

चर्चा कर्जांभोवती फिरते आहे, पण ‘करार पवित्र असतो’ हेच तत्त्व वेतनाच्या बाबतीत त्याच न्यायालयात त्याच वर्षांत लढवले जात होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये बेकरी कामगारांना दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादा घालणारा न्यूयॉर्कचा कायदा करारस्वातंत्र्याच्या नावाने रद्द केला होता. १९२३ मध्ये राजधानीतील स्त्री कामगारांचे किमान वेतनही त्याच तर्काने गेले.

एल्सी पॅरिश या वॉशिंग्टन राज्यातील वेनाची गावच्या एका हॉटेलात खोल्या साफ करण्याचे काम करत. राज्याच्या कायद्याप्रमाणे ४८ तासांच्या आठवड्याला १४ डॉलर ५० सेंट किमान वेतन होते. त्यांना त्याहून कमी मिळत होते आणि थकलेल्या फरकापोटी त्यांनी २१६ डॉलर १९ सेंटचा दावा लावला. २९ मार्च १९३७ रोजी त्या पाच विरुद्ध चार मतांनी जिंकल्या आणि करारस्वातंत्र्याचा तो जुना युक्तिवाद त्यानंतर पुन्हा उभा राहू शकला नाही. रूझवेल्ट यांनी ५ फेब्रुवारीला न्यायाधीशांची संख्या वाढवण्याची योजना जाहीर केल्यामुळे न्यायालय घाबरले, असे नेहमी म्हटले जाते. ते खरे नाही, कारण न्यायाधीशांचे अंतर्गत मतदान डिसेंबर १९३६ मध्येच झाले होते. नोव्हेंबरमधल्या निवडणुकीतला रूझवेल्ट यांचा प्रचंड विजय न्यायाधीशांनी पाहिला होता, एवढे मात्र म्हणता येईल.

दूरचा वाचक

कर्ज पूर्ण नाकारण्याचे टोकही पाहावे. बोल्शेविक सरकारने १९१८ च्या सुरुवातीला झारच्या राजवटीची सर्व कर्जे एका आदेशाने रद्द केली. त्या रोख्यांत फ्रान्समधील लहान बचतदारांचा मोठा पैसा गुंतला होता. पुढची कितीतरी वर्षे फ्रान्सच्या सोव्हिएतविषयक धोरणात हा प्रश्न काट्यासारखा रुतून होता. शेवटी सोव्हिएत संघच उरला नाही, तेव्हा १९९७ मध्ये रशियाने ४० कोटी डॉलर देऊन फ्रान्सशी तडजोड केली.

तारणखाते

मी अनेक वर्षे बँकेत कर्जवसुलीचे काम केले. बुडीत खात्याची पुनर्रचना करताना एक गोष्ट लवकर कळते : हप्ता ऋणकोच्या मिळकतीशी जुळला नाही तर वसुलीची कागदपत्रे कितीही पक्की असोत, पैसा येत नाही. राष्ट्रांच्या बाबतीत हे ओळखून केलेला करार म्हणून २७ फेब्रुवारी १९५३ चा लंडनचा जर्मन कर्जकरार मला फार महत्त्वाचा वाटतो.

पश्चिम जर्मनीच्या वतीने बँकर हेर्मान आब्स यांनी वाटाघाटी केल्या. युद्धपूर्व आणि युद्धोत्तर मिळून सुमारे ३,००० कोटी मार्कांचा बोजा निम्म्यावर आला. व्याज उतरवले गेले, मुदती लांबवल्या गेल्या, आणि परतफेड निर्यातीच्या शिलकीतून व्हावी, हे धनको राष्ट्रांनी स्वीकारले. म्हणजे कर्ज परत हवे असेल तर जर्मन माल विकत घ्यावा लागेल, ही जबाबदारी धनकोंवरही आली. १९२० च्या दशकात हीच गोष्ट कोणी मान्य केली नव्हती. अमेरिका एकीकडे युद्धकर्जाचे हप्ते मागत होती आणि दुसरीकडे आयातकर वाढवत होती. युद्धभरपाईचा प्रश्न अंतिम शांतता-तडजोडीपर्यंत पुढे ढकलला गेला आणि १९४५ ते १९५२ या काळातले काही व्याज जर्मनीच्या एकीकरणापर्यंत थांबवून ठेवले. एकीकरण १९९० मध्ये झाले, त्या व्याजापोटी नवे रोखे निघाले आणि त्यांचा शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० रोजी दिला गेला.

मतभेद

तारणखाते, माहितीबद्दल आभार. १९५३ च्या करारात जुन्या सुवर्ण-कलमांचे काय झाले? रोखेधारकांनी ती सहज सोडली असतील, असे वाटत नाही.

हिशेबनीस

ती सोडावी लागली, पण त्यांच्या जागी दुसरी हमी मिळाली. १९३० च्या यंग कर्जाचे, म्हणजे युद्धभरपाईच्या यंग योजनेखाली जर्मनीने काढलेल्या आंतरराष्ट्रीय कर्जाचे, रोखे अनेक देशांच्या चलनांत विकले गेले होते. या चलनांचे विनिमय दर बदलले, तर ज्या चलनाची घसरण सर्वांत कमी झाली असेल त्याच्या आधारे हप्त्यांचा हिशेब करावा, असे कलम त्यांच्यासाठी करारात घातले गेले. पुढे १९६१ आणि १९६९ मध्ये जर्मन मार्कची किंमत वर चढवण्यात आली. धनको देशांचे म्हणणे असे, की मार्क चढला याचाच अर्थ इतर चलने त्याच्या तुलनेत घसरली, म्हणून हिशेब मार्कांच्या आधारे करा. जर्मनीचे म्हणणे, की हमी फक्त घसरणीविरुद्ध होती, चढ ही घसरण नव्हे. बेल्जियम, फ्रान्स, स्वित्झर्लंड, ब्रिटन आणि अमेरिका एका बाजूला, पश्चिम जर्मनी दुसऱ्या बाजूला, असा हा वाद लवादापुढे गेला. चलनाचे मोल बदलले म्हणजे दिलेल्या शब्दाचे मोल बदलते का, हा १९२३ मध्ये लाइपझिगच्या न्यायाधीशांपुढे आलेला प्रश्न आता सहा राष्ट्रांपुढे होता. १६ मे १९८० रोजी लवादाने चार विरुद्ध तीन मतांनी जर्मनीचा अर्थ मान्य केला.